लहान खासगी विमानाची मालकी व मार्गनिर्देशन-उपकरणांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

विमान म्हटले की भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रवासी कंपनीचे मोठे विमान उभे राहते. अमेरिकेत मात्र दोन किंवा चार आसनांचे, एका इंजिनाचे आणि मालकाने स्वतःच चालवायचे विमान ही अनेक दशकांपासूनची परिचित वस्तू आहे. अशा विमानांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सेसना १७२. हे चार आसनांचे विमान १९५६ मध्ये बाजारात आले. त्याची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली असून इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान जगात निर्माण झालेले नाही. यांपैकी बरीच विमाने चाळीस-पन्नास वर्षांची होऊनही आज उड्डाण करतात आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात.

येथेच एक विलक्षण विसंगती निर्माण होते. विमानाचा धातूचा सांगाडा नीट निगा राखल्यास अर्धशतक टिकतो, परंतु त्यातील मार्गनिर्देशनाची उपकरणे पंधरा-वीस वर्षांत कालबाह्य होतात. त्यामुळे जुन्या विमानात नवे कोणते उपकरण बसवावे, किती खर्च करावा आणि कशावर विसंबावे, हा प्रश्न प्रत्येक मालकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. हा प्रश्न वरकरणी खरेदीचा वाटला तरी त्यात विमानात बसणाऱ्यांच्या जीविताचा प्रश्न गुंतलेला असतो. प्रस्तुत लेखात मालकीचे अर्थकारण, मार्गनिर्देशन-साधनांची कार्यपद्धती, नियमांची चौकट आणि निवडीचे निकष यांचे अमेरिकेच्या संदर्भात विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

मालकीचे अर्थकारण

विमानाची खरेदी-किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. त्यानंतरचा खर्च दोन प्रकारचा असतो. विमा, विमान ठेवण्याच्या जागेचे भाडे आणि दर बारा महिन्यांनी करावी लागणारी सक्तीची वार्षिक तपासणी हा स्थिर खर्च होय. विमान वर्षभर जागेवर उभे राहिले तरी त्यातील बहुतेक भाग द्यावाच लागतो. इंधन, तेल आणि इंजिनाच्या भावी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम हा बदलता खर्च होय. सेसना १७२ ला ताशी साधारण आठ गॅलन इंधन लागते. तिच्या इंजिनासाठी उत्पादकाने सुचविलेली संपूर्ण दुरुस्तीची मर्यादा सर्वसाधारणपणे २,००० तासांची असते.

स्थिर खर्चाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या विमानाचा वार्षिक स्थिर खर्च १०,००० डॉलर आहे. मालकाने वर्षात ५० तास उड्डाण केले तर प्रत्येक तासावर २०० डॉलरचा भार पडतो. १०० तास केले तर तोच भार १०० डॉलरवर येतो. म्हणजे कमी उडणाऱ्या मालकाला प्रत्येक तास महाग पडतो. तो महाग पडतो म्हणून तो आणखी कमी उडतो आणि कमी उडाल्यामुळे त्याचे कौशल्य मंदावते. या दुष्टचक्रावर उपाय म्हणून अनेक जण दोघे-चौघे मिळून विमान विकत घेतात. उपकरणांवरील खर्चाचा विचारही याच चक्राच्या संदर्भात करावा लागतो. कारण पडद्यावर खर्च झालेला पैसा अनेकदा सरावाच्या तासांतूनच वजा होतो.

मार्गनिर्देशनाची वाटचाल

आरंभीच्या वैमानिकांची साधने म्हणजे नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. नदी, लोहमार्ग आणि गावे पाहत मार्ग काढला जाई. ढग किंवा धुके आले की ही पद्धत निरुपयोगी ठरे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या साहाय्याने विमान उडवून उतरवून दाखविले आणि नव्या युगाचा पाया घातला गेला.

पुढे रेडिओ-साधने आली. त्यांतील व्हीओआर ही यंत्रणा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हवाई मार्गांचा कणा बनली. १९८० च्या दशकात लोरान-सी ही मूळची सागरी यंत्रणा लहान विमानांत लोकप्रिय झाली. अनेक मालकांनी हौसेने तिचे संच बसवून घेतले. परंतु ८ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेने तिचे प्रक्षेपण बंद करण्यास प्रारंभ केला आणि ते संच निरुपयोगी झाले. उपकरण सुस्थितीत असूनही ज्या यंत्रणेवर ते अवलंबून आहे तीच बंद पडू शकते, हा धडा मालकांना त्यातून मिळाला.

जीपीएसचा नागरी इतिहास एका शोकांतिकेशी जोडलेला आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअरलाइन्सचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या प्रशासनाने जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये ही यंत्रणा पूर्ण क्षमतेने कार्यरत झाली. मे २००० मध्ये नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी दूर करण्यात आली आणि जुलै २००३ मध्ये जीपीएसच्या चुका दुरुस्त करणारी वास ही पूरक यंत्रणा सुरू झाली.

दोन यंत्रणांची कार्यपद्धती

व्हीओआर केंद्र जमिनीवर असते. ते एकाच वेळी दोन संकेत पाठविते. एका संकेताची कला सर्व दिशांना सारखी असते, तर दुसऱ्याची दिशेनुसार बदलते. विमानातील ग्राहक-यंत्र या दोहोंतील कलाभेद मोजते आणि विमान केंद्रापासून कोणत्या अंशाच्या रेषेवर आहे हे सांगते. या पद्धतीच्या मर्यादा तिच्या स्वरूपातूनच येतात. पहिली मर्यादा अंतराची आहे. हे संकेत सरळ रेषेत जातात. त्यामुळे मध्ये डोंगर किंवा पृथ्वीची वक्रता आली की ते मिळत नाहीत. सपाट प्रदेशात १,००० फुटांवरून साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच अपेक्षा ठेवता येते. दुसरी मर्यादा अचूकतेची आहे. चूक कोनात असल्याने ती अंतराबरोबर वाढते. केंद्रापासून ६० सागरी मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे एक सागरी मैलाची चूक होय.

जीपीएसची रीत निराळी आहे. उपग्रहांकडून आलेल्या संकेतांना लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते आणि किमान चार उपग्रहांच्या आधारे स्थान व उंची निश्चित होते. येथील चूक एखाद्या केंद्रापासूनच्या अंतरानुसार वाढत नाही. वासच्या जोडीने तर धावपट्टीकडे उतरताना उताराचेही मार्गदर्शन मिळते आणि योग्य धावपट्ट्यांवर जमिनीपासून २०० फुटांपर्यंत खाली येता येते. पूर्वी त्यासाठी धावपट्टीजवळ आयएलएस ही खर्चिक यंत्रणा उभारावी लागे. अमेरिकेत अशा उपग्रहाधारित अवतरण-पद्धतींची संख्या आता आयएलएसच्या संख्येहून कितीतरी अधिक आहे. आडगावच्या लहान विमानतळांना त्याचा मोठा लाभ झाला आहे.

तथापि, उपग्रहांचे संकेत पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतात. त्यामुळे त्यांत अडथळा आणणे किंवा खोटे संकेत मिसळणे तुलनेने सोपे असते. पूर्व भूमध्य समुद्र, पश्चिम आशिया आणि बाल्टिक प्रदेशात अलीकडच्या वर्षांत विमानांना याचा वारंवार अनुभव आला आहे. म्हणूनच अमेरिकेने व्हीओआर केंद्रांची संख्या कमी करण्याचे धोरण स्वीकारले असले तरी ती सर्व बंद केलेली नाहीत. जीपीएस बंद पडल्यास देशाच्या मुख्य भूमीवर १०० सागरी मैलांच्या आत त्याशिवाय उतरता येईल असा एखादा विमानतळ असावा, या हेतूने किमान केंद्रांचे जाळे राखले जात आहे.

नियमांची चौकट

स्वच्छ हवामानात, दिवसा, बाहेर पाहून उड्डाण करणाऱ्याला अमेरिकेचा नियम रेडिओ-मार्गनिर्देशनाचे कोणतेही साधन सक्तीचे करीत नाही. होकायंत्र, उंचीदर्शक आणि वेगदर्शक ही मात्र आवश्यक आहेत. ढगांतून, उपकरणांवर विसंबून उडायचे असल्यास नियोजित मार्गाला योग्य असे मान्यताप्राप्त उपकरण विमानात बसविलेले असावे लागते. हातात धरायचा जीपीएस किंवा टॅबलेट कितीही अचूक असला तरी तो या कामी मान्य नाही. व्हीओआर वापरायचा असेल तर त्याची तपासणी मागील ३० दिवसांत झालेली असावी लागते. जीपीएससाठीची माहिती दर २८ दिवसांनी अद्ययावत होत असल्याने तिची वर्गणी हा आणखी एक आवर्ती खर्च ठरतो. १ जानेवारी २०२० पासून बहुतांश नियंत्रित हवाई क्षेत्रात विमानाने आपले स्थान आपोआप प्रक्षेपित करणेही बंधनकारक झाले आहे.

निवडीचे निकष

या पार्श्वभूमीवर निवडीचा पहिला निकष उपकरणाची नवलाई हा नसून उड्डाणाचे प्रयोजन हा असावा. रविवारी सकाळी शंभर मैलांच्या परिसरात फिरून येणाऱ्या मालकाला साधा रेडिओ, कायद्याने लागणारी साधने आणि टॅबलेटवरील नकाशा एवढे पुरेसे असते. अधूनमधून ढगांच्या थरातून वर जाणाऱ्याला वासयुक्त जीपीएस आणि व्हीओआर-आयएलएस एकाच संचात असणारे उपकरण उपयुक्त ठरते. १९९८ मध्ये आलेल्या गार्मिन जीएनएस ४३० ने ही एकत्रित रचना लहान विमानांत रूढ केली. सर्व ऋतूंत, व्यवसायासाठी दूरचा प्रवास करणाऱ्या एकट्या वैमानिकाला मात्र स्वयंचालक यंत्रणा आणि दुसरा स्वतंत्र ग्राहक-संच यांचाही विचार करावा लागतो.

दुसरा निकष एकूण खर्चाचा. मान्यताप्राप्त कार्यशाळेतील बसवणूक, तारांची जोडणी, वजन व समतोलाची नवी नोंद आणि कागदपत्रे यांचा खर्च उपकरणाच्या किमतीत भर घालतो. विमान विकताना यांपैकी काही अंशच परत मिळतो. तिसरा निकष उपकरणाच्या उर्वरित आयुष्याचा. उत्पादन थांबलेला संच स्वस्त मिळतो. पण त्याचा पडदा बिघडल्यास सुटे भाग मिळतीलच असे नाही. चौथा निकष परस्पर-स्वातंत्र्याचा. दोन जीपीएस संच एकाच विद्युत-पुरवठ्यावर आणि त्याच उपग्रहांवर चालत असतील तर त्या दोहोंतून एक प्रकारची सुरक्षितताच दुप्पट होते, दुसऱ्या प्रकारची नव्हे. व्हीओआरचा जुना संच आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारे एखादे हातातील साधन यांचे मोल येथे कळते.

उपकरण आणि वैमानिक

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणाधारित उड्डाणाचे प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांवर एक प्रयोग झाला. कृत्रिमरीत्या ढगांसारखी स्थिती निर्माण केल्यावर सर्वांचा विमानावरील ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. थोड्या प्रशिक्षणानंतर मात्र याच वैमानिकांना सावकाश वळून मागे फिरणे जवळजवळ प्रत्येक वेळी साधले. विमान तेच होते, उपकरणेही तीच होती. बदलला होता तो वैमानिक.

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी धाकटे यांचे पायपर साराटोगा विमान मार्थाज व्हिनयार्डजवळ समुद्रात कोसळले आणि त्यांच्यासह तिघांचा मृत्यू झाला. विमानात जीपीएस व स्वयंचालक यंत्रणा होती. वैमानिकाकडे उपकरणाधारित उड्डाणाची पात्रता मात्र नव्हती. धूसर हवा व काळोखी रात्र यांत पाण्यावरून उतरताना वैमानिकाला आलेला दिशाभ्रम हे कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदविले. आपण नकाशावर कोठे आहोत हे जीपीएस सांगते. पण विमान सरळ आहे की कलले आहे, हे जाणून ते सावरण्याचे काम वैमानिकाचेच असते.

भारतीय संदर्भ

भारतात खासगी लहान विमान दुर्मीळ असले तरी या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या प्रवासात रेडिओची कोणतीही मदत नव्हती. आज भारतीय अंतराळ संशोधन संस्था व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली गगन यंत्रणा वासप्रमाणेच जीपीएसच्या चुका दुरुस्त करते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे तिच्या आधारे एक एटीआर विमान उतरविण्यात आले. आयएलएस नसलेल्या लहान विमानतळांसाठी ही शक्यता महत्त्वाची आहे.

निष्कर्ष

१. विमानाचा सांगाडा दीर्घायुषी व उपकरणे अल्पायुषी असल्याने मार्गनिर्देशनावरील खर्च हा एकदाचा नसून आवर्ती मानावा.

२. उपकरणाची निवड उड्डाणाच्या प्रत्यक्ष प्रयोजनावरून करावी. क्वचित लागणाऱ्या क्षमतेसाठी सरावाच्या तासांचा बळी देऊ नये.

३. जीपीएस हे आजचे सर्वांत समर्थ साधन आहे. तथापि त्याहून भिन्न तत्त्वावर चालणारे एक साधन विमानात व ते वापरण्याची सवय वैमानिकात टिकवावी.

४. कोणतेही उपकरण प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. मर्यादित रक्कम हाती असलेल्या मालकाने नव्या पडद्याआधी उपकरणाधारित उड्डाणाच्या शिक्षणाचा विचार करणे श्रेयस्कर ठरते. उत्तम उपकरण मार्ग दाखविते. त्या मार्गाने निघावे की घरी थांबावे, हा निर्णय मात्र वैमानिकालाच घ्यावा लागतो.