मालवणे आणि विझणे

मराठीत दिवा विझतो, पण मालवला जातो तो कोणाच्या तरी हाताने. पहिल्या क्रियापदात कर्त्याला स्थान नाही, दुसऱ्यात बहुधा कर्त्याची जबाबदारी येते. अठराव्या शतकातील नाथपंथी कवी सोहिरोबानाथ आंबिये यांच्या सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या पदात अंतरीच्या ज्ञानदीपाविषयी बोलताना यांपैकी दुसरे क्रियापद येते, आणि आत्मज्ञानासंबंधीची त्यांची भूमिका त्या एका शब्दात बरीचशी सामावली आहे. पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या गायनामुळे हे पद घरोघरी पोहोचले, तरी भजनाच्या ठेक्यात हा भेद सहसा निसटून जातो.

सोहिरोबांचा जन्म 1714 मध्ये बांदे येथे झाला. घराण्याचे मूळ गाव पेडणे तालुक्यातील पालये. त्यांच्याकडे कुलकर्णीपद, म्हणजे गावाचा जमीनमहसूल आणि त्याची दप्तरे सांभाळण्याचे वतन होते. कोणाची जमीन किती आणि येणे किती, हे ज्याला तोंडपाठ असे, त्याने पुढे लेखणी वळवली ती स्वतःकडे. या वळणाची आख्यायिका फणसाभोवती गुंफलेली आहे: सावंतवाडीकडे जाताना वाटेत त्यांनी फणस फोडला, तेवढ्यात समोर आलेल्या अवधूताने त्यात वाटा मागितला, आणि तो अवधूत म्हणजे नाथपंथातील गहिनीनाथ होते, अशी परंपरेची श्रद्धा आहे. इतिहासाला याची शहानिशा करता येणार नाही, परंतु कथेने निवडलेले फळ मात्र नेमके आहे. कापा असो वा रसाळ, हाताला आणि सुरीला खोबरेल लावल्याखेरीज पेडण्यात कोणी फणसाला हात घालत नाही, कारण एकदा चिकटलेला चीक पाण्याने निघत नाही. संसारात वावरण्यापूर्वी हाताला तेल लावावे, असा दृष्टांत दूर बंगालात रामकृष्ण परमहंसही देत असत.

या वळणानंतर वतन सोडले, तरी सोहिरोबा बरीच वर्षे बांद्यातच राहिले आणि 'महदनुभवेश्वरी', 'अक्षयबोध', 'अद्वयानंद' असे ग्रंथ त्यांनी रचले. या नावांतील 'अनुभव' आणि 'अद्वय' हे शब्द परिभाषेतले आहेत: अद्वय म्हणजे जाणणारा आणि जाणले जाणारे यांत दुजेपणा नसणे, तर अनुभव म्हणजे ऐकीव माहितीहून वेगळी, स्वतः पडताळलेली जाण. ग्रीकांच्या डेल्फी येथील मंदिरावर स्वतःला ओळखण्याचा आदेश कोरलेला होता आणि सॉक्रेटिसाने प्रश्न विचारून विचारून तो लोकांच्या गळी उतरवला. सोहिरोबांच्या मांडणीत मात्र ओळख नव्याने मिळवायची नसते, ती आधीच तेवत असते. म्हणून साधनेचे काम समईपाशी बसलेल्या घरच्या माणसासारखे आहे, ज्याला ज्योत निर्माण करायची नसते, तर वात पुढे सारायची, काजळी झाडायची आणि आपल्याच पदराचा वारा लागणार नाही एवढे पाहायचे असते.

साठीच्या उंबरठ्यावर, 1774 मध्ये, त्यांनी घर सोडून उत्तरेची वाट धरली. स्वतः पदे रचणाऱ्या महादजी शिंद्यांशी त्यांची गाठ पडली, तेव्हा सत्तेपुढे न झुकता त्यांनी अवधूताला कशाचीच गरज नसते असे सुनावले, असे सांगतात. या प्रसंगातील त्यांचा स्वर मृदू नाही, उलट बऱ्यापैकी तिखट आहे. आत्मज्ञानी पुरुष नेहमी शांतच असतो या रूढ समजुतीला त्यामुळे चांगलाच धक्का बसतो.