मुलगी शिकते ती आपल्या ताटाकडे बघून



मी नववीत असताना शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची. घरी विचारलं तर आई म्हणाली, "पोट बिघडात, खाव नको." गोळ्या दप्तरातच राहिल्या. बारावीत चक्कर येऊन पडले, तेव्हा हिमोग्लोबिन निघालं 8. किमान 12 हवं. चूक आईची नाही, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

ही एका घराची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींपैकी 57 जणींना रक्तक्षय आढळला. या वयात अंग वाढतं, पाळीत रक्त जातं, म्हणून लोह जास्त लागतं.

शाळेत धडा सगळ्यांना सारखाच. पण मुलं खरं शिकतात ती घरात. बांगड्याची मोठी तुकडी बाबांना आणि दादाला, आई शेवटी उरलेल्या कढीबरोबर भात खाते, हे मुलगी रोज बघते. "बाईने असंच जेवायचं असतं," हे तिला कुणी तोंडाने सांगावं लागत नाही. पैशाची अडचण असतेच, ती मी नाकारत नाही. पण आहे ते सगळ्यांना सारखं वाढायला जास्त पैसे लागत नाहीत.

घरात एवढं करूया:

- कुळथाची पिठी, शेवग्याची पानं, पावसात उगवणारा टाकळा जेवणात आणा. मासेमारी बंद असते तेव्हा सुकट-जवळा आहेच. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं.
- जेवणावर लगेच चहा नको, निदान तासभर थांबा.
- निळी गोळी जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्यायची. शौच काळी झाली तर घाबरू नका. मळमळ थांबत नसेल तर आशाताईंना विचारा.
- वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.
- धाप लागते, चक्कर येते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाआधी प्रत्येकीने एकच सांगायचं: काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं, आणि तिच्या ताटात काय होतं?

आणि आज रात्री लेकीला शेजारी घेऊन, सगळ्यांबरोबरच जेवायला बसा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक