रंगविलेली चेतक आणि हरवलेली अर्थिंग
1972 साली बाजारात आलेली बजाज चेतक कोणी हौसेने दुरुस्त करून रंगवून घेतली आणि त्यानंतर दिवे मंदावले, हॉर्न घोगरा झाला, तर कॉइल बदलण्याची घाई न करता प्रथम अर्थिंगचा तपास करावा. कारण पत्र्याचा सांगाडा हाच विद्युत्प्रवाहाचा परतीचा मार्ग असून, नव्या रंगाचा पातळ थरही तो अडवितो. अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडावा. स्पार्कच नसेल, तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची वायर तात्पुरती सोडवून किक मारावी. स्पार्क परतला, तर ती वायर कोठेतरी सोलून बॉडीला टेकत आहे किंवा स्विच बिघडला आहे, असे समजावे. मिस्त्रीमंडळी मात्र सरसहा नवी कॉइलच सुचवितात! एक ताकीद: इंजिन चालू असताना प्लगच्या वायरीस हात लावू नये.