बांगडीच्या मापात लपलेला पाय

दहावीपर्यंत परिघाची उदाहरणं म्हणजे चाक, विहीर नाहीतर गोल मैदानाचं कुंपण. त्रिज्याही नेमकी ७, १४ किंवा २१, म्हणजे २२/७ शी छान छेद जावा! माझ्या मते खरं उदाहरण कासाराच्या दुकानात आहे.

बांगडीचं माप 'दोन-सहा' म्हणजे आतला व्यास २ पूर्णांक ६/१६ इंच. दशांशात २.३७५ इंच, साधारण ६.०३ सेंमी. गुणिले ३.१४, की परीघ आला जवळपास १८.९ सेंमी.

आता उलटं करा. अंगठा तळव्यात दुमडून, हात चिंचोळा करून, बोटांच्या पेरांपाशी सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळा. दोरा १९ सेंमी भरला? भागिले ३.१४, मग भागिले २.५४. उत्तर सुमारे २.३८ इंच, म्हणजे दोन-सहाच. (मनगट मोजू नका, बांगडी अडते ती पंज्यावर.)

गंमत पुढे आहे. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं एकेक माप वाढतं तसा व्यास १/८ इंचाने वाढतो आणि परीघ जवळजवळ बरोब्बर १ सेंमीने! काचेच्या बांगड्या ऑनलाइन मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.