घरच्या गॅरेजमधली लोहारशाळा

ॲम्बॅसिडरमध्ये कधी बसलाच नाही, असा आपल्या पिढीतला माणूस सापडणं कठीण! ही गाडी मूळची इथली, इंग्लंडातली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ती बेतली गेली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याच घराण्यातली लहान गाडी म्हणजे मॉरिस मायनर. १९४८ ते १९७१ या काळात सुमारे १६ लाख मायनर बनल्या. रचना सोपी आणि सुटे भाग आजही मिळतात, त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी उभी करायची हौस असेल, तर शिकायला ही उत्तम.

पण मंडळी, बहुतेकांना धास्ती असते इंजिनाची. इंजिनाचं जमतं हो, पुस्तक समोर ठेवून जमतं. खरी परीक्षा असते पत्र्याची. मायनरला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दाराखालची पेटीसारखी पट्टी (तिला सिल म्हणतात), मागच्या स्प्रिंगा जिथे टांगतात त्या जागा, पुढच्या चासीचे पाय, हे सगळं गंजतं ते आतून. वरून रंग झकास, आत चाळण!

यात धोका कुठे आहे ते सांगतो. ग्रेट ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच. म्हणजे गंजावर पुट्टी थापून रंग मारला तर हटकणारं कोणी नाही. आणि त्या गाडीत बसणार आपलीच मुलंबाळं. म्हणून पत्र्याचं काम शिकायचं ते नीटच शिकायचं.

सुरुवात गाडीवर करू नका. भंगारातले एक मिलिमीटर जाडीचे तुकडे आणा. घरगुती कामाला मिग वेल्डिंग सोयीचं: ०.६ मिलिमीटरची तार आणि आरगॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायू. पत्रा आधी घासून लख्ख करायचा. गंज, रंग, तेल राहिलं तर सांधा पोकळ होतो. दोन तुकडे जोडा, शेगड्यात धरा आणि वाकवा. सांधा सोलून निघाला, तर धातू नुसता वर बसला होता, आत उतरलाच नव्हता. सांध्याच्या मागच्या बाजूलाही वितळल्याची खूण दिसली पाहिजे. हे दहादा जमल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

दुसरा धडा उष्णतेचा. तापलेला पत्रा फुगतो आणि थंड होताना आक्रसतो. सलग रेघ ओढली तर तो पापडासारखा वाकडा होतो. म्हणून चार-पाच सेंटिमीटरवर एकेक टाका घालायचा, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला; मधे थंड होऊ द्यायचं. मग टाक्यांच्या मधल्या जागा भरायच्या. आक्रसलेला सांधा पुन्हा सैल करायला मागे डॉली धरायची (हातात मावणारी ऐरणच ती) आणि पुढून हातोडीचे हलके ठोके द्यायचे. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर ठोके घालताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल: ठोका हलका, नेमका, आणि मागे पक्का आधार. फार ठोकलं तर पत्रा ताणून सैल पडतो, म्हणून वेळीच थांबायचं.

सिल कापताना आणखी एक पथ्य. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. गाडी सपाट जागेवर टेकूंवर उभी करा, दाराच्या चौकटीत आडवे रॉड पक्के बसवा आणि दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा. नाहीतर गाडी मधे खचते आणि नव्या सिलनंतर दारच लागत नाही.

जिवाची काळजी सगळ्यात आधी. बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवा, सीट आणि गालिचे बाहेर काढा. वेल्डिंगचा मुखवटा न घालता एक क्षणही ठिणगीकडे पाहू नका. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. जस्ताचा थर असलेल्या पत्र्याचा धूर विषारी, तेव्हा हवा खेळती हवी. आगविझवणं हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा. तळाच्या डांबरी थरात आग धुमसत राहू शकते.

इथल्या काही कॉलेजांत संध्याकाळचे वेल्डिंगचे वर्ग असतात, तिथे जरूर जावं. आपल्याकडे शिकलेल्या घरांत हाताच्या कामाला जरा खालचं मानायची सवय होती. पण मुलांना बाजूला उभं करून (मुखवटा घालूनच!) एक सांधा वाकवून दाखवा, धातू कसा वागतो हे त्यांना लगेच कळेल. आणि गाडी तयार झाली की, सक्ती नसली तरी, पहिल्या सफरीआधी स्वखुशीने एमओटी करून घ्या. आपलं काम दुसऱ्याच्या नजरेखालून गेलेलं बरं.