त्या आठ दिवसांपलीकडचे वैमानिक

‘अंतराळात जाणारे पहिले भारतीय कोण?’ या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलेही क्षणात देतात. मात्र ‘परत आल्यावर त्यांनी काय केले?’ असे विचारले, तर बहुतेकांना थांबावे लागते. राकेश शर्मा यांचा अंतराळातील मुक्काम जेमतेम आठ दिवसांचा होता. विमाने पारखण्याचे त्यांचे काम मात्र त्यानंतर कित्येक वर्षे चालले. त्याच मोहिमेसाठी तेवढीच तयारी करून जमिनीवर राहिलेले रवीश मल्होत्रा यांचे नाव तर क्वचितच कोणाच्या ओठांवर येते. लढाऊ वैमानिकाची विद्या गणवेश उतरवल्यानंतर कोणत्या कामी येते, हे समजून घ्यायचे तर या दोघांची वाटचाल पाहायला हवी.

शर्मा यांचा जन्म १९४९ मध्ये पतियाळा येथे झाला. पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते १९७० मध्ये हवाई दलात आले. पुढच्याच वर्षी युद्धाला तोंड फुटले आणि ‘मिग-२१’ विमानातून त्यांनी २१ मोहिमा पार पाडल्या. १९८२ मध्ये भारत-सोव्हिएत संयुक्त मोहिमेसाठी त्यांची आणि वयाने व हुद्द्याने ज्येष्ठ असलेल्या मल्होत्रा यांची निवड झाली. मॉस्कोनजीकच्या ‘स्टार सिटी’त दोघांनी रशियन भाषेसह तेच धडे गिरवले. ३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरहून ‘सोयुझ टी-११’ झेपावले तेव्हा यानात शर्मा होते. मल्होत्रा राखीव चमूत होते. अखेरच्या क्षणी कोणाला काही झालेच, तर जागा घेता यावी इतकी तयारी राखीव अंतराळवीराने करायची असते आणि तरीही आपली पाळी येणार नाही, हे मनाशी धरून राहायचे असते. ‘सल्यूत-७’ स्थानकावरील वास्तव्यासह ७ दिवस, २१ तास आणि ४० मिनिटांनी शर्मा पृथ्वीवर परतले. त्यांना अशोक चक्र, तर मल्होत्रा यांना कीर्ती चक्र प्रदान करण्यात आले.

येथवरची कथा पाठ्यपुस्तकांत सापडते. पुढचा अध्याय नाशिकजवळच्या ओझरला सुरू होतो. १९८७ मध्ये शर्मा हिंदुस्थान एरोनॉटिक्स अर्थात ‘एचएएल’मध्ये दाखल झाले आणि १९९२ पर्यंत नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक राहिले. त्यानंतर बंगळुरूतही त्यांनी तीच जबाबदारी सांभाळली. २००१ मध्ये ते उड्डाणातून निवृत्त झाले.

ओझरच्या कारखान्यात त्या काळी ‘मिग-२७’ची बांधणी आणि जुन्या ‘मिग-२१’ची संपूर्ण दुरुस्ती होत असे. कारखान्यातून बाहेर पडलेले विमान थेट हवाई दलाच्या हाती जात नाही. प्रथम कंपनीचा स्वतःचा वैमानिक ते उडवतो. इंजिन सर्व उंचीवर नीट चालते का, वेग वाढवल्यावर सुकाणूयंत्रणा कशी वागते, चाके वेळेवर उघडतात व मिटतात का, अशी ठरलेली यादी तो आकाशात एकेक करून तपासतो. उतरल्यावर दोषांची नोंद होते, अभियंते ते दूर करतात आणि विमान पुन्हा वर जाते. यादी निर्दोष झाली की मगच ते स्वीकारले जाते. ही दोन्ही विमाने एकाच इंजिनाची होती. ते बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले नाही, तर वैमानिकापाशी विचाराला काही क्षणच उरतात. ज्या विमानाची खात्री अद्याप कोणीच दिलेली नाही, त्यात बसून ती खात्री मिळवणे हेच या माणसाचे काम.

युद्धात वैमानिकाचे लक्ष लक्ष्याकडे असते आणि विमान हे त्याचे साधन असते. चाचणीत विमान हेच लक्ष्य. शौर्याइतकीच येथे शब्दांची काटेकोरता लागते. ‘काहीतरी बिघडले आहे’ एवढे सांगून अभियंत्याला काहीच कळत नाही. किती उंचीवर, किती वेगात, कोणत्या क्षणी थरथर जाणवली, हे सांगता आले तर दोष सापडतो.

मल्होत्रा यांची वाट वेगळी ठरली. हवाई दलातून एअर कमोडोर म्हणून निवृत्त झाल्यावर ते बंगळुरूच्या डायनामॅटिक टेक्नॉलॉजीज या खासगी कंपनीत गेले आणि विमानांचे सुटे भाग घडवणारा तिचा विभाग उभारण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. या कंपनीत एअरबस ‘ए-३२०’ वर्गातील विमानांसाठी फ्लॅपच्या तुळया तयार होतात. दाबोळी किंवा मोपा येथे उतरताना पंखामागची खिडकी मिळाली, तर पंखाखालून मागे डोकावणारी होडीच्या आकाराची आवरणे पाहावीत. उतरण्याआधी पंखाचा मागचा भाग सरकून खाली झुकतो. त्याचा भार पेलणाऱ्या तुळया याच आवरणांत दडलेल्या असतात.

गोव्याला चाचणी वैमानिकांचे काम परके नाही. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर विमानवाहू नौकेच्या डेकची प्रतिकृती असलेली चाचणी सुविधा आहे. नौदलासाठी घडवलेल्या ‘तेजस’ने तेथील चढत्या धावपट्टीवरून झेप घेतली. शेपटीखालच्या आकड्याने तार पकडून थोड्याच अंतरात थांबण्याचा सरावही तेथेच झाला. त्या तयारीच्या बळावर कमोडोर जयदीप मावळंकर यांनी ११ जानेवारी २०२० रोजी हे विमान ‘विक्रमादित्य’ नौकेवर उतरवले.

२५ जून २०२५ रोजी ‘ॲक्सिअम-४’ मोहिमेतून शुभांशु शुक्ला अंतराळात झेपावले. तेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. त्यांचे राखीव सहकारी होते प्रशांत बालकृष्णन नायर. ४१ वर्षांनी तेच चित्र पुन्हा दिसले : एक वर गेला, दुसरा तेवढाच सज्ज होऊन खाली राहिला. उद्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पुन्हा एकच नाव छापले जाईल. मुलांना ते नाव शिकवताना दुसरेही सांगावे. जागा न मिळालेल्या माणसाच्या हातूनही केवढे काम उभे राहते, हे मल्होत्रांनी दाखवून दिले आहे.