टकळी आणि चरखा

मुलांनो, जुन्या सुती कापडातून एक धागा ओढून घ्या. त्याला दिलेला पीळ उलटा फिरवून सोडवा. धागा सैल होईल आणि त्यातून कापसाचे बारीक तंतू सुटे होतील. हे तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब असतात. इतक्या आखूड तंतूंचा लांबच लांब धागा होतो, तो केवळ पिळामुळे. त्यात गाठ नसते की डिंक नसतो.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट गल्लोगल्ली ऐकू येतो. या मागांना लागणारे सूत गिरणीतून येते. पण सूत घरीही काढता येते. त्यासाठी आधी चरखा विकत आणायला नको. टकळी पुरे.

टकळी म्हणजे उर्दूतील तकली. सतत बडबडणाऱ्याला मराठीत 'याच्या तोंडाची टकळी थांबतच नाही' असे म्हणतात. वीतभर लांबीची बांबूची गुळगुळीत काडी घ्या. पाटीच्या फुटक्या तुकड्याची गोल चकती करून ती काडीच्या खालच्या बाजूला घट्ट बसवा. वरच्या टोकाला लहानशी खाच करा. झाली टकळी! आता पिंजलेला कापूस पाटावर पातळ पसरा, तो एका काडीवर गुंडाळा आणि काडी ओढून घ्या. या मऊ नळीला पेळू म्हणतात. उर्दूत हीच पूनी.

टकळीला हातभर तयार सूत बांधून खाचेत अडकवा. त्याचे मोकळे टोक पेळूच्या तंतूंवर ठेवून डाव्या हाताच्या चिमटीत धरा. टकळीचे टोक वाटीत टेकवा. उजव्या हाताने तिला गरकन फिरवा आणि डावा हात हळूहळू वर न्या. पेळूतून सूत निघू लागेल. हात पुरला नाही की ते काडीवर गुंडाळा.

पहिल्या दिवशी सूत वारंवार तुटेल. पीळ कमी पडला तर तंतू निसटतात. जास्त झाला तर सुताला आकडे पडतात आणि कापूस पुढे ओढलाच जात नाही. योग्य पीळ बोटांनाच कळतो; त्याला काही दिवस लागतात.

मग चरख्याकडे वळा. 'चरखा' हा शब्द फार्सीतील 'चर्ख', म्हणजे चाक, यावरून आला आहे. मोठ्या चाकावरची माळ चातीला भराभर फिरवते. उजवा हात चाक फिरवण्यात गुंततो, म्हणून सूत ओढण्याचे सारे काम एकट्या डाव्या हातावर येते. टकळीवर हा हात तयार झालेला असेल, तर चरखा लवकर जमतो. पेटीत मावणारा छोटा चरखा 'येरवडा चक्र' या नावाने ओळखला जातो. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी त्यात सुधारणा केल्या.

अशा सुधारणांची गरज का पडली? कातणाऱ्या गरीब बाईला मजुरी सुताच्या मानाने मिळे. दिवसभर बसून थोडेच सूत निघाले, तर पोट कसे भरणार? म्हणून १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे आणि चरख्याची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, अशा अटी होत्या. सर्व अटी पुऱ्या करणे कोणालाच जमले नाही.

पुढे तमिळनाडूतील एकांबरनाथ यांनी अनेक चात्यांचा चरखा बनवला. त्यांच्याच नावावरून तो 'अंबर चरखा' झाला. त्यात कापूस ओढण्याचे काम बोटांऐवजी रूळ करतात. सूत जास्त आणि एकसारखे निघते. मात्र घरी शिकणाऱ्याने एकदम तो घेऊ नये. रुळांनी सूत का तोडले, हे बोटांना पीळ कळल्याशिवाय समजत नाही.

तुमचे पहिले सूत कुठे जाड, कुठे बारीक येईल. ते फेकू नका. हातमागावर उभ्या ताण्याला मोठी ओढ बसते. तेथे असे सूत टिकणार नाही. आडव्या बाण्यात मात्र ते खुशाल चालते.